पाटीलबावा महादजी शिंदे आणि बादशाही पोशाख

आपल्या झाडीपट्टीत भाऊबीज आटोपली म्हणजे मंडया भरू लागतात आणि रात्री गावोगावी नाटकांचे पडदे वर जातात. नाटक ऐतिहासिक असेल तर मराठा सरदार रंगभूमीवर येतो तो चमकीने मढविलेला अंगरखा, डोक्यास जरीचा मंदिल आणि गळ्यात काचेच्या मोत्यांचे सर घालूनच. पुढे बसलेली मुले त्या लखलखाटाकडे डोळे विस्फारून पाहत राहतात व सरदार म्हणजे जरीचा अंगरखा हे समीकरण त्यांच्या मनात कायमचे बसते. ते अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु त्यातील अर्धी गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. दरबारी जरीचा पोशाख हा बहुधा सरदाराने स्वतःच्या हौसेने शिवून घेतलेला नसे. तो त्यास कोणीतरी दिलेला असे आणि कोणी दिला यावर त्याची प्रतिष्ठा ठरे. यंदाच्या स्मरणिकेसाठी महादजी शिंदे यांचे चरित्र या बाजूने सांगावे असे योजिले आहे, कारण वस्त्रांचे मोल त्यांच्याइतके ओळखणारा दुसरा पुरुष अठराव्या शतकात मराठ्यांत झाला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम वस्त्रे या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या कागदपत्रांत अमक्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली, तमक्यास सरदारीची वस्त्रे दिली, असे शब्द वारंवार येतात. आजच्या भाषेत त्याचा अर्थ नेमणूक झाली असा होतो. नेमणुकीचा कागद निघे हे खरेच, पण तो कागद एकटा पुरत नसे. धन्याने भर दरबारात पागोटे, शेला, जामा, पटका वगैरे वस्त्रे द्यावयाची व सेवकाने ती तेथल्या तेथे अंगावर घालून मुजरा करावयाचा, म्हणजे अधिकार पुरा झाला असे मानीत. पेशवे स्वतः साताऱ्याच्या छत्रपतींकडून अशी वस्त्रे घेत. सवाई माधवराव पेशवे यांच्या नावे इ. स. १७७४ मध्ये साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली तेव्हा ते अवघे चाळीस दिवसांचे तान्हे मूल होते! ते वस्त्र त्या बाळाच्या अंगास येणार नव्हते, परंतु त्याच्या नावास आले, आणि त्या नावावर पुढे एकवीस वर्षे राज्य चालले.

आपल्या भागाचेही उदाहरण आहे. नागपूरकर भोसल्यांचे पद सेनासाहेब सुभा हे होते व त्याची वस्त्रे त्यांना बाहेरून येत. पहिले रघूजी भोसले इ. स. १७५५ मध्ये वारल्यावर त्यांच्या पुत्रांत त्या वस्त्रांकरिता चुरस लागली. थोरले जानोजी सेनासाहेब सुभा झाले, मुधोजींना सेनाधुरंधर हे पद व त्याबरोबर आपला चांदा प्रांत मिळाला. इ. स. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले आणि तंटा पुन्हा पेटला. अखेर इ. स. १७७५ च्या जानेवारीत पाचगावच्या मैदानावर मुधोजींच्या हातून त्यांचे भाऊ साबाजी मारले गेले. आपल्याकडून उमरेडवरून नागपुरास जाताना पाचगाव लागते. वस्त्रे म्हणजे केवळ कापड नव्हते, हे समजण्यास त्या गावाचे नाव पुरेसे आहे.

दिल्लीच्या बादशाही दरबारात यालाच खिलत म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अंगावरून उतरविलेले वस्त्र असा आहे. राजाने आपल्या अंगावरचे वस्त्र उतरवून सेवकाच्या अंगावर घालावे, म्हणजे राजाच्या अंगच्या तेजाचा अंश त्यास मिळाला, अशी ती कल्पना. पुढे प्रत्यक्ष अंगावरचे वस्त्र देणे क्वचित राहिले व खिलतींसाठी बादशाही कारखाने निघाले. अकबराच्या काळी लाहोर, आग्रा, फतेपूर व अहमदाबाद येथे असे कारखाने होते. मानाप्रमाणे तीन वस्त्रांची, पाच वस्त्रांची, सात वस्त्रांची अशा खिलतींच्या पायऱ्या असत. डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण पोशाख तो सरोपा. मराठीत त्याचा शिरपाव झाला, व आजही कोणाचा सत्कार झाला की त्यास शिरपाव मिळाला असे आपण सहज म्हणून जातो.

हा पोशाख तयार कसा होई तेही सांगण्यासारखे आहे. चांदीची कांडी घेऊन तिला सोन्याच्या पातळ पत्र्याने मढवीत. मग ती तापवून पोलादी जंत्रीच्या भोकांतून ओढीत. एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढता ओढता ती केसासारखी तार होई आणि आश्चर्य असे की सोने तिच्या अंगावरून सुटत नसे. ती तार ठोकून चपटी केली म्हणजे बादला होई व पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली म्हणजे कलाबतू होई. कलाबतू रेशमाबरोबर मागावर विणला की किनखाब. त्यासाठी बनारस, अहमदाबाद व सुरत ही शहरे प्रसिद्ध होती. आपल्याकडील पैठणची ख्याती निराळीच. लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर सुईने जरीची वेलबुट्टी भरली की ते जरदोजीचे काम झाले. एका अंगरख्यावर अनेक कारागिरांचे कित्येक महिने जात. आरमोरीच्या बाजूस कोसा पाळणारे व त्याचे सूत काढणारे लोक आपण पाहतो. एका शेल्याच्या मागे किती माणसांचे डोळे व बोटे झिजतात हे या भागातील वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको. अशी वस्त्रे आज फार थोडी उरली आहेत. याचे कारण कसर किंवा वाळवी एवढेच नाही. जरीचे कापड जुने झाले की ते जाळून त्यातील चांदी-सोने काढून घेण्याची चाल होती. किती सरदारांचे मान अशा रीतीने सोनाराच्या शेगडीत गेले असतील!

आता यातील मर्म असे की वस्त्र देणारा वरचा आणि घेणारा खालचा. आपल्या लग्नकार्यांत शेलापागोटे कोणी कोणास प्रथम द्यावे, कोणाचे उपरणे हलके निघाले, यावरून रुसवेफुगवे होतात व मांडवात मंडळी हात आखडून बसतात. त्याचे मूळही हेच आहे. इ. स. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराज उभे असता शहाजाद्यांस, वजिरास व जसवंतसिंगास खिलती वाटण्यात आल्या, महाराजांना मात्र वगळले. महाराज संतप्त होऊन दरबारातून बाजूस झाले. मागाहून बादशहाने त्यांची समजूत घालण्यास माणसे व पोशाख पाठविला तेव्हा तो अंगावर घालण्याचे त्यांनी साफ नाकारले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे एकशे सव्वीस वर्षांनी दिल्लीचा पोशाख पुण्यास आला तेव्हा तो घ्यावा की घेऊ नये हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

महादजींचे मूळ घराणे सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटलांचे. वडील राणोजी शिंदे हे थोरल्या बाजीरावांच्या पदरी अगदी साध्या नोकरीस होते. बाजीरावांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे, आणि एकदा धनी आत खलबतात असता बाहेर झोप लागलेल्या राणोजींनी ते जोडे छातीशी घट्ट धरून ठेवलेले बाजीरावांनी पाहिले व त्यांना वर चढविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. परंतु शिंद्यांनी ती कधी लपविली नाही, हे महत्त्वाचे. राणोजी पुढे माळव्याचे मोठे सरदार झाले व इ. स. १७४५ मध्ये वारले. त्यांच्या पुत्रांत महादजी सर्वांत धाकटे. जन्म इ. स. १७३० च्या सुमाराचा. त्यांची आई राणोजींची विवाहाची पत्नी नव्हती, म्हणून घराण्यात त्यांचा हक्क दुय्यम मानला जाई.

शिंद्यांच्या घराने त्या काळात जेवढे रक्त दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या घराने दिले असेल. थोरले बंधू जयाप्पा यांचा इ. स. १७५५ मध्ये नागोर येथे दग्याने खून झाला. दत्ताजी इ. स. १७६० च्या संक्रांतीच्या सुमारास यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. जयाप्पांचे पुत्र जनकोजी पानिपतावर हाती सापडून मारले गेले. त्याच १४ जानेवारी १७६१ च्या दिवशी महादजी पळ काढीत असता एका पठाणाने पाठलाग करून त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरचे किडूकमिडूक काढून घेतले आणि त्यांना मेले समजून तेथेच टाकले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना आपल्या बैलावर घातले व दक्षिणेची वाट धरली. पाय कायमचा अधू झाला. महादजींनी या भिस्त्यास पुढे भाऊ म्हटले व आपल्या फौजेचा प्रमुख सरदार केले. उपकारकर्त्यास इनाम देणारे पुष्कळ असतात. पखालवाल्यास आपल्या शेजारी बसविणारा विरळा.

पानिपताहून परतलेल्या या लंगड्या तरुणास वस्त्रे मात्र मिळाली नाहीत. घरात दुसरा कर्ता पुरुष उरला नव्हता तरी सात वर्षे त्यांच्या हक्काचा खल चालला. राघोबादादांच्या मनात दुसऱ्याच कोणास शिंद्यांची गादी द्यावी असे होते. पुण्याच्या वाड्यात हेलपाटे, कारभाऱ्यांची मनधरणी, नजराण्यांच्या वाटाघाटी, हे सर्व महादजींनी सोसले. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत इ. स. १७६८ मध्ये सरदारी त्यांच्या नावे झाली. पुढील आयुष्यात महादजी मानमरातबाच्या बाबतीत इतके सावध, इतके हिशेबी का असत, याचे उत्तर या सात वर्षांत असावे असे मला वाटते. दरवाजाबाहेर फार दिवस उभा राहिलेला माणूस दरवाजाची किंमत विसरत नाही.

त्यांच्या मोहिमांचा सर्व इतिहास येथे देत नाही, तो शालेय पुस्तकांत आहे. इ. स. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली व इंग्रजांच्या आश्रयास अलाहाबादेत राहिलेल्या शहाआलम बादशहास पुढील जानेवारीत त्याच्या तख्तावर आणून बसविले. त्यात महादजी प्रमुख होते. इ. स. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांची फौज शरण आली, तेथेही ते होते. इ. स. १७८२ च्या सालबाईच्या तहात तर इंग्रज व पुणे दरबार या दोघांमधील जामीन म्हणून त्यांनाच मान्यता मिळाली. त्यानंतर ते उत्तरेस वळले आणि इ. स. १७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलक, म्हणजे साम्राज्याचा सर्वाधिकारी, हे पद दिले. येथे महादजींची दृष्टी पाहावी. ते पद त्यांनी स्वतःच्या नावे न घेता पेशव्यांच्या नावे घेतले आणि स्वतः त्यांचे नायब झाले. धन्यास डावलून पोशाख घेतला असता तर पुण्यात वैर झाले असते, आणि धन्याच्या नावे घेतल्याने सत्ता तर हातात राहिलीच.

ज्याच्याकडून हा पोशाख मिळावयाचा त्या बादशहाची दशा काय होती? इ. स. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींना माघार घ्यावी लागली. त्यांचा जोर ओसरलेला पाहून नजीबखान रोहिल्याचा नातू गुलाम कादर दिल्लीत शिरला. लपविलेला खजिना शोधण्यासाठी त्याने लाल किल्ल्यातील महालांच्या जमिनी खोदल्या, शहाजाद्यांस मारझोड केली, जनानखान्यातील स्त्रियांचे दागिने व उंची वस्त्रे हिरावली आणि ऑगस्ट १७८८ मध्ये वृद्ध बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दोन महिन्यांत दिल्ली परत घेतली. त्या फौजेच्या अग्रभागी पानिपतचा तो भिस्ती राणेखान होता. गुलाम कादर पकडला गेला व त्याचा वध झाला. बादशहा पुन्हा तख्तावर बसला, पण आता तो आंधळा होता. आपण कोणास कसला किनखाब देत आहोत हे त्यास हाताने चाचपूनच कळणार होते. पुढे द बॉइन या युरोपीय सेनापतीने तयार केलेल्या कवायती पलटणींच्या बळावर इ. स. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे महादजींनी मोठे विजय मिळविले आणि उत्तरेत त्यांस तोंड देणारा कोणी उरला नाही.

अशा स्थितीत इ. स. १७९२ च्या जून महिन्यात महादजी बारा वर्षांच्या अंतराने पुण्यास आले, ते बादशहाची फर्माने व पेशव्यांसाठी खिलत घेऊन. नाना फडणीस अस्वस्थ झाले. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. पेशवे हे छत्रपतींचे सेवक. त्यांनी दिल्लीच्या बादशहाचा पोशाख घालावा तर छत्रपतींचा मान कोठे राहिला? ज्या बादशाहीशी झगडून राज्य उभे केले तिचेच वस्त्र पांघरावे काय? जुन्या मानकऱ्यांतही कुरबुर होती. महादजींचे म्हणणे असे की हा पोशाख म्हणजे सबंध हिंदुस्थानचा कारभार पेशव्यांकडे आल्याचा पुरावा आहे आणि रजपूत, रोहिले व इंग्रज या सर्वांस तो मान्य करावा लागेल. शेवटी साताऱ्याहून छत्रपतींची परवानगी आणविण्यात आली तेव्हा मार्ग मोकळा झाला. दोघांपैकी बरोबर कोण, हा वाद इतिहासकार आजही घालतात. तत्त्व नानांच्या बाजूस होते व व्यवहार महादजींच्या, असे माझे मत आहे. परवानगीची युक्ती निघाली म्हणून दोन्ही राखले गेले.

समारंभापूर्वीच्या दरबारी भेटीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. उत्तर हिंदुस्थानचा हा सत्ताधीश वाड्याच्या दरवाजाशी हत्तीवरून उतरला, अधू पायाने चालत दिवाणखान्यात गेला आणि सर्व मानकऱ्यांच्या खालच्या बाजूस जाऊन उभा राहिला. अठरा वर्षांचे पेशवे आले. त्यांनी वर बसण्याचा आग्रह केला असता महादजींनी आपली तेवढी योग्यता नसल्याचे सांगितले, काखेतील गाठोडे सोडून त्यातून नवा जोडा काढला व पेशव्यांच्या पुढे ठेवला. हेच आपल्या वडिलांचे काम होते व तेच आपलेही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग पेशव्यांचे जुने जोडे फडक्यात गुंडाळून त्यांनी काखेत घेतले आणि पुष्कळ आर्जवानंतर तसेच बसले. वाचकांनी क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. सभोवार मंदिल, शिरपेच, जरीचे शेले, आणि ज्याने दिल्ली जिंकली त्याच्या काखेत जोड्यांचे गाठोडे.

याला नाटक म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. इंग्रज लेखकांनी तर यास ढोंगच ठरविले. त्यात मुत्सद्देगिरी नव्हती असे मी म्हणणार नाही. मानकऱ्यांचा मत्सर शमवावा व तरुण पेशव्यांचे मन जिंकावे हा हेतू उघड आहे. परंतु वडिलांची हलकी नोकरी भर दरबारात उच्चारण्यास निराळे धैर्य लागते. चार पैसे हाती आले की आजोबांचा धंदा झाकून ठेवणारी माणसे आपण रोज पाहतो. महादजींना आलीजाबहादूर वगैरे लांबलचक किताब होते, तरी लोकांत ते पाटीलबावा म्हणूनच ओळखले गेले, आणि ते त्यांना आवडे.

त्यानंतर फर्मानबाडीचा समारंभ झाला. पुण्याबाहेर मोठमोठे तंबू ठोकण्यात आले. एका उंच आसनास बादशहाचे तख्त कल्पून त्यावर फर्मान व खिलत ठेवली होती. पेशवे मोठ्या स्वारीनिशी आले, तीन वेळा लवून मुजरा केला, एकशे एक मोहरांची नजर ठेवली व तख्ताच्या डाव्या हाताला बसले. महादजींच्या फारसी चिटणिसाने फर्माने वाचली. त्यांत बादशाही मुलखात गाई-बैलांची हत्या बंद करण्याचे एक फर्मान होते. मग खिलत देण्यात आली. नऊ वस्त्रे, रत्नांचे व पिसांचे मिळून पाच अलंकार, ढाल-तलवार, शिक्के व कलमदान, मोरपिसांची दोन मोर्चेले, नालकी, पालखी, घोडा व हत्ती असा तो सरंजाम होता. याशिवाय सहा हत्तींवर बादशाही निशाणे, चंद्र, तारे व माही मरातब, म्हणजे माशाचे मानचिन्ह, हे सर्व होते. पेशवे शेजारच्या तंबूत गेले व बादशाही पोशाख घालून बाहेर आले. महादजी, नाना, हरिपंत फडके आदी मंडळींनी नजरा केल्या. पेशवे उठून निघाले तेव्हा महादजी व हरिपंत त्यांच्यावर मोर्चेल ढाळीत चालले. वाड्यात परतल्यावर महादजींना नायबगिरीची वस्त्रे देण्याची वेळ आली, तेथेही त्यांनी आपण पाटील व सेवकच बरे म्हणून पुष्कळ आढेवेढे घेतले व मग ती स्वीकारली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार त्या दिवसांत पुण्यात होता. त्याने काढलेल्या चित्रात सवाई माधवराव पांढऱ्या तलम वस्त्रात बसलेले दिसतात, गळ्यात रत्नामोत्यांच्या माळा आहेत. शेजारी नाना फडणीस, तेही पांढऱ्यातच. मराठी दरबाराची रोजची शोभा ही अशी पांढऱ्या मलमलीची होती. अंगभर किनखाब हा उत्तरेकडून आलेला, मानाचा व प्रसंगाचा. आपल्या नाटकमंडळींनी एखाद्या प्रयोगात सरदारांस पांढरा अंगरखा घालून पाहावा, प्रेक्षक नाराज होतील असे वाटत नाही.

पुण्यातील पुढील वीस महिने महादजींना सुखाचे गेले नाहीत. तरुण पेशव्यांस त्यांचा लळा लागला, त्यांच्याबरोबर शिकार व सहली होत, आणि तितकाच नानांचा संशय वाढे. उत्तरेच्या मोहिमांच्या खर्चाचे हिशेब हा मोठा तंटा होता. दिल्लीचा पोशाख आणण्यासाठी फौजेवर झालेला खर्च दरबाराने द्यावा असे महादजी म्हणत, आणि दरबार उलट त्यांच्याकडेच उत्तरेच्या वसुलाचा हिशेब मागे. पोशाख सर्वांस दिसला, त्याची किंमत मात्र कोणास द्यावीशी वाटेना. तिकडे १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या खिंडीत शिंदे व होळकर यांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या व होळकरांचा मोड झाला. विजय झाला, पण मराठ्यांनी मराठ्यांवर मिळविलेला.

महादजी स्वभावाने रागीट परंतु दिलदार होते. शरीर स्थूल, वर्ण काळा, वेष दरबाराबाहेर साधा. ते कृष्णभक्त होते व भक्तीची पदे रचीत. त्याचबरोबर बीडच्या मन्सूरशहा फकिरावर त्यांची गुरुस्थानी श्रद्धा होती. दोन्ही निष्ठा त्यांनी शेवटपर्यंत सांभाळल्या.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत ज्वराने त्यांचा अंत झाला. पोटी पुत्र नव्हता. भाऊ तुकोजींचे नातू दौलतराव पंधरा वर्षांच्या सुमाराचे होते, त्यांना सरदारीची वस्त्रे मिळाली. ज्या वस्त्रांसाठी महादजींनी सात वर्षे वाट पाहिली ती या मुलास अनायासे मिळाली, आणि ती पेलण्याची ताकद त्याच्यापाशी नव्हती. पुढच्याच वर्षी, इ. स. १७९५ च्या ऑक्टोबरात, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. बादशाही पोशाख अंगावर घातल्यास पुरती साडेतीन वर्षेही झाली नव्हती.

इ. स. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रज सेनापती लेक याने दौलतरावांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली व तो बादशहाच्या भेटीस गेला. शहाआलम एका लहानशा फाटक्या छताखाली बसला होता. त्याही अवस्थेत त्याने लेकसाहेबास रीतीप्रमाणे मोठमोठे किताब दिले. महादजींची समाधी वानवडीस आहे. तिला शिंदे छत्री म्हणतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यास आहेत. त्यांच्या घरून ती जागा दूर नाही.